रायतूरला जायचं तर: सेंट पॉलच्या कमानीपासून सेमिनरीच्या अंगणापर्यंत

महाराष्ट्रातून येणारे पाहुणे मला विचारतात, "जुन्या गोव्यात दोन तास पुरतील ना?" बॉम जेझूची बासिलिका, समोरचं से कॅथेड्रल, बाहेर शहाळं, आणि परत पणजी. एवढंच करायचं असेल तर दोन तास पुरतात. पण मराठी वाचणाऱ्या माणसाने एक पूर्ण दिवस वेगळा काढावा, असं मी प्रत्येकाला सांगते. ज्या कॅथलिक विद्यालयांच्या आवारात आपल्या भाषेच्या इतिहासातलं एक मोठं पान लिहिलं गेलं, ती बासिलिकेत नाहीत. त्यांतल्या एकाची फक्त कमान उरली आहे, दुसरं अजून नांदतं आहे आणि तिथे आजही वर्ग भरतात. पहिलं जुन्या गोव्यातलं सेंट पॉल कॉलेज. दुसरं दक्षिण गोव्यातल्या साष्टी तालुक्यातल्या राशोलची सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारं विद्यालय. इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स याचं मराठी ओवीतलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं ते याच गावात. या गावाला आम्ही रायतूर म्हणतो.

मी फोंड्याची. या दोन जागा जोडणारा रस्ता माझ्या गावातूनच जातो. विद्यार्थ्यांना आणि मित्रमंडळींना घेऊन मी तो बऱ्याचदा केला आहे. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते.

आधी आठवडाभर: परवानगी

रायतूरची सेमिनरी हे संग्रहालय नाही, ते राहतं घर आहे. पाद्री होण्यासाठी शिकणारी मुलं तिथे राहतात, त्यांच्या प्रार्थनेच्या, अभ्यासाच्या आणि मौनाच्या वेळा ठरलेल्या असतात. तिकीटखिडकी नाही, वाट दाखवणारा माणूस नाही. न सांगता गेलात तर कुणी अपमान करणार नाही, पण दारातूनच बाहेरची भिंत पाहून परतावं लागेल, आणि त्यात चूक आपलीच असेल.

म्हणून किमान आठवडाभर आधी सेमिनरीच्या कार्यालयाशी संपर्क साधा आणि रेक्टरांच्या (प्रमुखांच्या) नावे लहानसं पत्र पाठवा. किती जण येणार, कोण आहात, काय पाहायचं आहे आणि का, एवढं पुरे. मी साधारण असं लिहिते: "आम्ही सहा जण मराठीचे वाचक आहोत. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या कामाची जागा पाहावी अशी इच्छा आहे. चर्च, अंगण आणि शक्य असल्यास ग्रंथालय पाहायला मिळावं. तुमच्या सोयीची वेळ कळवावी." वेळ आपण सांगायची नाही, त्यांना विचारायची. परीक्षा, सुट्टी, मौनसाधनेचे दिवस त्यांनाच ठाऊक असतात. "फक्त चर्च पाहता येईल" असं उत्तर आलं तर तेवढंच आनंदाने पाहा.

दहापेक्षा जास्त माणसं नेऊ नका. मी एकदा बावीस जणांना एका जुन्या वास्तूत नेलं होतं. मागच्या दहांना काहीच ऐकू आलं नाही, आणि आमच्या पावलांच्या आवाजाने शेजारचा वर्ग थांबला. तेव्हापासून मी हा आकडा पाळते.

दिवस निवडताना रविवार टाळा, तो मिस्साचा (चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेचा) आणि गावातल्या लोकांचा दिवस. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त असतं. त्याच्या आधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, चालते. तेव्हा भाविकांची मोठी गर्दी होते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. फेस्त पाहायचंच असेल तर जरूर या, पण तो दिवस वेगळा ठेवा. ऑगस्टमधला पाऊस उघडल्यावरचे दिवस मला सर्वांत आवडतात. फक्त चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा घट्ट तळव्याची चप्पल घाला.

आधी दोन दिवस: थोडं वाचन

ही पायरी कुणीही गाळू नये. न वाचता गेलात तर रायतूरला एक पांढरी इमारत दिसेल, आणि परत येताना तेवढंच आठवेल.

थॉमस स्टीफन्स हा विल्टशरचा इंग्रज. तो रोममध्ये जेझुइट, म्हणजे 'सोसायटी ऑफ जीझस' या कॅथलिक संघाचा सदस्य, झाला, ४ एप्रिल १५७९ ला लिस्बनहून निघाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात गोव्याला पोचला. पुढची चाळीस वर्षं, १६१९ साली मरेपर्यंत, तो इथेच होता, आणि त्यातला बराच काळ साष्टीत. इथल्या भाषा तो इतक्या शिकला की १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांचं ग्रीक आणि लॅटिनशी असलेलं साम्य त्याने नोंदवलं. भाषांचा अभ्यासक विल्यम जोन्सने संस्कृतविषयी तसंच सांगितलं ते त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी. साष्टीच्या कॉलेजचा तो रेक्टरही झाला. आणि १६१६ साली रायतूरला त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं. बायबलची कथा मराठी ओवीत सांगणारा हा ग्रंथ सुमारे अकरा हजार ओव्यांचा आहे. त्याचे दोन भाग आहेत: पहिलं पुराण आणि दुसरं पुराण.

तो का लिहिला, हे कळल्याशिवाय त्याचं मोल कळत नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं काढून घेतली होती, आणि त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला काही नव्हतं. संध्याकाळी देवळात बसून पोथी ऐकणाऱ्या माणसाच्या कानाला ओवीची सवय असते. ती सवय स्टीफन्सने ओळखली. त्याने ज्ञानेश्वर-एकनाथांचा छंद घेतला, स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, आणि मराठीची थोरवी सांगताना खड्यांमधलं रत्न, फुलांमधला मोगरा, सुगंधांमधली कस्तुरी अशा उपमा दिल्या. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने आपल्या भाषेचं इतकं मनापासून कौतुक करावं, हे वाचताना माझं मन आजही भरून येतं.

पणजीला पाटो भागात कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. आदल्या दिवशी तासभर तिथे बसा आणि मदतनीसांकडे ख्रिस्तपुराणाची उपलब्ध आवृत्ती मागा. १९०७ साली मंगळूरला रोमन लिपीत, तर १९५६ साली पुण्यातून देवनागरीत आवृत्ती निघाली होती. वीसेक ओव्या मोठ्याने, पण हळू आवाजात वाचा. त्यांतल्या दोन-तीन वहीत उतरवून घ्या, दुसऱ्या दिवशी लागतील.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे रायतूरला निराशा होणार नाही. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन वेळा हा ग्रंथ छापला गेला, पण त्यांतल्या एकाही छापील आवृत्तीची प्रत आज उरल्याचं ज्ञात नाही. आपल्यापर्यंत तो हस्तलिखितांतून आला. एक देवनागरी हस्तलिखित तर लंडनला आहे. म्हणून ग्रंथपालांना "मूळ प्रत दाखवा" असा आग्रह धरू नका.

सकाळी: कमान

पणजीहून जुनं गोवें दहा किलोमीटर. सरकारी 'कदंब'च्या आणि खासगी बसगाड्या सतत असतात. रेल्वेने येणाऱ्यांना करमळी स्थानक जवळ पडतं. पण पूर्ण दिवसाचा बेत असेल तर गाडी ठरवूनच घ्या. पुढचा प्रवास बस बदलत केला तर रायतूरची वेळ हमखास चुकते.

आठ वाजता निघा. बासिलिकेपाशी न थांबता पुढे जा. सेंट पॉल कॉलेजची कमान रस्त्याच्या कडेला एकटीच उभी आहे, आणि बहुतेक गाड्या वेग कमी न करता तिच्यावरून निघून जातात. चालकाला "सेंट पॉलचं गेट" असं आधीच सांगून ठेवा. गाडी सुरक्षित जागी बाजूला लावा, रस्त्यावर रहदारी असते.

आता पाहा. चिऱ्याचं बांधकाम, दोन्ही बाजूंना काळ्या बेसॉल्टचे खांब, वर कोनाडा आणि त्यावर क्रूस. पाठीमागे काही नाही. दारातून आत पाहिलं तर झाडं दिसतात. पोर्तुगीज आशियातलं हे एके काळचं सर्वांत मोठं विद्यालय. १५४० च्या दशकात ते जेझुइटांच्या हाती आलं. इथे शिकणारी मुलं नुसती गोव्याची नव्हती, पूर्वेकडच्या दूरदूरच्या मुलखांतून आलेली होती. पुढे या भागात रोगराई वाढली, तेव्हा कॉलेज मोंते सांतो टेकडीवरच्या नव्या इमारतीत गेलं. जुनी वास्तू एकोणिसाव्या शतकात पाडली आणि दगड दुसऱ्या बांधकामांना नेला.

पण कमानीसमोर उभं राहून मला आठवतो तो छापखाना. ६ सप्टेंबर १५५६ ला गोव्याला उतरलेलं मुद्रणयंत्र खरं तर अॅबिसिनियाला जायचं होतं. ते इथेच राहिलं आणि या कॉलेजात बसलं. हिंदुस्थानातला हा पहिला छापखाना. त्याच वर्षी छपाई सुरू झाली. १५६३ साली गार्सिया द ऑर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यात छापला गेला. या सगळ्यात एक खंत आहे. स्टीफन्सने १६०८ साली रोमला लिहून इथल्या लिपीत छापण्याची परवानगी मागितली होती. जोडाक्षरं धरून खिळे (छपाईची धातूची अक्षरं) सहाशेच्या घरात जातात, पण ते दोनशेवर आणता येतील, असा हिशोबही त्याने दिला होता. ते खिळे काही ओतले गेले नाहीत. म्हणून ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते रोमन लिपीत, पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगमध्ये. देवनागरी खिळे तेव्हा झाले असते तर देवनागरीतली मराठी छपाई दोनशे वर्षं आधी सुरू झाली असती, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

कमानीला अर्धा तास द्या. जवळच, जुन्या कॉलेजच्याच जागेत, सेंट फ्रान्सिस झेवियरचं छोटं चॅपेल आहे, तेही पाहून घ्या.

मोंते सांतोवर नव्या कॉलेजचं पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही. तरी टेकडीवर जा, कारण सेंट ऑगस्टिनचा पडका मनोरा आणि समोर सांता मोनिकाचा मठ तिथे आहे. मनोरा मूळचा ४६ मीटर उंचीचा, त्यातला एक भाग अजून उभा आहे. मठात ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे, आणि त्याचा आपल्या वाटेशी थेट संबंध आहे. १९९४ साली ते सुरू झालं तेच मुळी रायतूरच्या सेमिनरीत. २००२ साली ते इथे आलं. हस्तिदंत, लाकूड आणि चांदीतलं काम पाहताना चेहरे, दागिने आणि वेलबुट्टी नीट बघा. कारागीर इथलेच होते आणि हात त्यांचे होते, हे लगेच कळतं. इथे एक तास राखा.

दुपारी: बाणस्तारी ते बोरी

साडेअकराच्या सुमारास फोंड्याच्या रस्त्याला लागा. बाणस्तारीचा पूल ओलांडला की मंगेशी, म्हार्दोळ, फर्मागुडी. मडगावला जायचा सरळ रस्ता कुठ्ठाळीवरून आहे, तरी मी मुद्दाम हीच वाट धरते.

मंगेशाचं मूळ स्थान कुठ्ठाळी, म्हणजे जुनी कुशस्थळी. म्हाळसा वेर्ण्याची. कवळ्याची शांतादुर्गा केळशीची, रामनाथ लोटलीचा. ही सगळी देवस्थानं तेव्हाच्या साष्टीतली. सोळाव्या शतकात तिथली देवळं पाडली जात होती, तेव्हा लोकांनी मूर्ती उचलून झुवारी नदीपार, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, फोंड्याच्या बाजूला आणल्या. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिलं. माझी आजी कवळ्याला नवरात्रात जाताना "आई केळशीची" असंच म्हणायची.

मग ज्यांच्या राजवटीत देवळं पाडली गेली, त्यांचंच विद्यालय कौतुकाने का पाहायचं? हा प्रश्न माझ्याबरोबर येणारा कुणी ना कुणी म्हार्दोळच्या आसपास विचारतोच. मला तो टाळायचा नसतो. म्हणूनच ही वाट. ज्या काळात देवळं पडली, त्याच काळात, त्याच नदीच्या पलीकडच्या काठावर एक पाद्री ओव्या रचत होता. ओव्यांमुळे देवळांचं दुःख कमी होत नाही, आणि दुःखामुळे ओव्या खोट्या ठरत नाहीत. दोन्ही गोष्टी मनात घेऊनच पूल ओलांडावा.

जेवण फोंड्यातच आटपा, कारण रायतूरला जेवणाची सोय धरून चालू नका. माशाचं ताट किंवा शिवराक (शाकाहारी), दोन्ही मिळतं. पोट जड होईल इतकं मात्र जेवू नका. पुढे जिने चढायचे आहेत आणि दुपारच्या शांततेत डुलकी येते.

बोरीच्या पुलावर झुवारी ओलांडली की साष्टी लागते. राय गावच्या बाजूने रायतूरचा फाटा आहे. जुन्या गोव्याहून न थांबता आलात तर ही सगळी वाट तासाभराची. मडगावहून थेट येणाऱ्यांना रायतूर सातेक किलोमीटर पडतं.

रायतूर

आधी किल्ल्याची वेस लागते. फार काही उरलेलं नाही. वेस आहे, खंदकाच्या खुणा आहेत. हा किल्ला आदिलशाहीकडून विजयनगरने घेतला आणि १५२० साली पोर्तुगीजांना दिला. १६८३ च्या मोहिमेत संभाजीराजांच्या फौजा साष्टीत उतरल्या होत्या, हेही इथे आठवावं. पाच मिनिटं उतरा आणि पुढे चला.

सेमिनरी टेकाडावर आहे: पांढरी, जाड भिंतींची, लांबट, खाली भातशेती आणि नदी. आत शिरण्याआधी गाडीतच चार गोष्टी उरकून घ्या. फोन मुका करा. खांदे आणि गुडघे झाकलेले आहेत ना ते पाहा. टोपी काढा. कॅमेरा पिशवीत ठेवा, विचारल्यावरच बाहेर काढा. विद्यार्थ्यांचे फोटो अजिबात नकोत. पाद्रींना "फादर" म्हणावं, निरोप घेताना "देव बरें करूं" म्हणावं. हे दोन शब्द कोकणीत म्हटले की समोरच्या माणसाचा चेहरा खुलतो.

जेझुइटांचं साष्टीतलं कॉलेज आधी मडगावला होतं. तिथे हल्ला झाल्यावर ते किल्ल्याच्या आसऱ्याने रायतूरला आलं. आज दिसणाऱ्या इमारतीचा पायाचा दगड १ नोव्हेंबर १६०६ ला बसवला. तो सकल संतांचा सण, म्हणून कॉलेजही सकल संतांच्या नावाचं. पुढे त्याला सेंट इग्नेशियस लोयोलाचं नाव मिळालं. १७५९ साली पोर्तुगालने जेझुइटांना हाकललं, आणि १७६२ पासून इथे धर्मप्रांताची सेमिनरी चालते. म्हणजे शिकवणं जवळजवळ अखंड चारशे वर्षं. मोजून किती वास्तूंबद्दल असं म्हणता येईल?

आधी चर्चमध्ये जा. मुख्य वेदीवरचं सोनेरी कोरीवकाम पाहायला डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, मागच्या बाकावर पाच मिनिटं नुसतं बसा. मिस्सा चालू असेल तर मागेच थांबा. कॅथलिक नसाल तर कम्युनियनच्या (पवित्र प्रसादाच्या) रांगेत उभं राहू नका. अजाणता असं करणारे मी पाहिले आहेत, आणि भाविकांना ते खरोखर लागतं.

मग अंगण. या दिवसातली माझी सर्वांत आवडती जागा हीच. चारही बाजूंनी इमारत, मधे मोकळा चौक आणि त्याच्या पोटात पाण्याचं मोठं टाकं. भर उन्हातही इथे गारवा असतो. इथे उभं राहून काल उतरवलेल्या ओव्या काढा. फादर बरोबर असतील तर "दोन ओव्या वाचू का?" असं विचारा. मला आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. चिऱ्याच्या भिंतींमध्ये ओवी म्हटली की शेवटचा छोटा चरण किंचित घुमतो. मुलांना पुस्तकात वाचून जे समजत नव्हतं ते तिथे एका क्षणात उमगलेलं मी पाहिलं आहे.

जिन्याने वर गेलात तर भिंतींवरची जुनी चित्रं दिसतील. हात लावू नका, पाठ टेकू नका. जुना चुना बोटाच्या स्पर्शानेही सुटतो. ग्रंथालय दाखवलं तर पुस्तक स्वतः उपसू नका. रायतूरच्या छापखान्यातून दोन कोकणी पुस्तकंही निघाली, तीही स्टीफन्सचीच: १६२२ चं धर्मशिक्षणाचं पुस्तक आणि १६४० चं व्याकरण. दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. गोव्यात मराठी-कोकणीचा वाद जुना आणि हळवा आहे, तो इथे काढू नका. इथे जो माणूस राबला त्याने दोन्ही भाषांसाठी काम केलं.

फादर आगनेल डिसोझा हे नाव इथे कानावर पडेल. १९२७ साली ते याच सेमिनरीत वारले. त्यांची समाधी पिलारच्या टेकडीवर आहे. दुसरा दिवस हाताशी असेल तर पिलारला जा. तिथला मठ १६१३ चा, आणि त्याच्या संग्रहालयात कदंब राजांच्या राजधानीचे, गोपकपट्टणाचे, अवशेष आहेत.

निघताना गावातलं आवर लेडी ऑफ द स्नोजचं चर्च बाहेरून का होईना पाहा. १५ जुलै १५८३ ला कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले. त्यांची प्रेतं मिळवून आणणारा स्टीफन्सच होता, आणि त्यांना इथे पुरलं होतं. त्यानंतर बोलणीसाठी आसोळण्याच्या किल्ल्यात बोलावलेल्या कुंकळ्ळीच्या गावकारांना (गावच्या प्रमुखांना) पोर्तुगीजांनी ठार केलं. एक गोष्ट सांगाल तेव्हा दुसरीही सांगा.

पाचच्या आत सेमिनरी सोडा, संध्याकाळची वेळ त्यांच्या प्रार्थनेची असते. दानपेटीत काही टाका, पण पाकीट कुणाच्या हातात देऊ नका. घरी पोचल्यावर दोन दिवसांत आभाराचं पत्र पाठवा. परवानगी घेऊन फोटो काढले असतील तर त्यांतला एखादा छापून सोबत जोडा, आणि अंगणात वाचलेली ओवी त्याच्यामागे देवनागरीत लिहा.